झाकण बसलेला आवाज

३ जुलै, गुरुवार

बेंचवरचा आज एकोणिसावा दिवस. पगार चालू, काम नाही. रोज सकाळी लॅपटॉप उघडायचा, कुणी बोलावलं नाही ना ते बघायचं आणि मिटायचा. अकरा वर्षं मी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या. आता घरात बसून बायकोच्या चुका शोधतो, असं कावेरी म्हणते. ती रोज बेळ्ळंदूरला ऑफिसला जाऊन त्या ट्रॅफिकमधून परत येते, त्यामुळे तिला बोलायचा हक्क आहे.

सासरे आलेत होसकोट्याहून, महिनाभरासाठी. त्यांना सगळे आप्पाजीच म्हणतात, मीही. सोबत त्यांची इलेक्ट्रिक गिटार आणि अॅम्प्लिफायर. तरुणपणी निपाणीच्या ‘नवतरंग’ ऑर्केस्ट्रात वाजवायचे. जत्रा, लग्नं, गणपती, सगळीकडे. ड्रमवाले नागराज, त्यांचे जिवलग, १० ऑगस्टला साठीचे होतायत. होसकोट्याच्या कल्याण मंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात, मोठा समारंभ आहे आणि ऑर्केस्ट्रातले उरलेसुरले पाच जण पस्तीस वर्षांनी एकत्र वाजवणार आहेत. आप्पाजी दुसरं काही बोलतच नाहीत. पण गिटार त्यांच्या मनासारखी वाजत नाही.

“आवाज बसलाय बघा,” जेवताना म्हणाले. “भांड्यावर झाकण ठेवल्यासारखा येतोय. तीन-चार वर्षं झाली. मागं असा नव्हता.”

मी लगेच म्हणालो, पिकअप गेले असतील, मी बदलतो. कॉलेजात असताना एकदा मित्राच्या गिटारला सोल्डर केलं होतं, तेवढ्या भांडवलावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आप्पाजींनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. “तुमच्यानं होतंय?”

होणार म्हणजे होणार. निदान एक तरी गोष्ट या महिन्यात माझ्या हातून पुरी झाली पाहिजे.

५ जुलै, शनिवार

एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो, दोघं. दुकानदारानं “हंबकर बेका सार?”, हंबकर हवेत का, असं कन्नडमध्ये विचारलं आणि तीन जोड्या काढून ठेवल्या. पिकअप म्हणजे तारांखालचे ते दोन डबे, तारेची थरथर पकडून अॅम्पला देणारे. हंबकरमध्ये तारेच्या दोन गुंडाळ्या असतात, उलटसुलट जोडलेल्या, म्हणजे विजेची भुणभुण एकमेकींत मरते आणि सूर तेवढा उरतो. मधली जोडी घेतली.

परत येताना ऑटोत हे सगळं मी आप्पाजींना समजावत होतो. ते आपले बाहेर बघत. हूं नाही की चूं नाही. दहा मिनिटं बोललो मी! शेवटी म्हणाले, “पाऊस येणार.”

बेकार जावयाचं कोण ऐकतो.

६ जुलै, रविवार

गिटार उघडली. उघडण्याआधी सहा तारा वाजवून लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या आणि आतल्या प्रत्येक जोडाचा फोटो काढला. आधीची अवस्था नोंदवल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, ही माझी सवय.

आत एक सोल्डरचा गोळा होता, बोराएवढा. मी हसलो. आप्पाजी म्हणाले, “हा माझा. चौऱ्याऐंशी साली. चिक्कोडीच्या जत्रेत, स्टेजमागं, शेगडीवर सळई तापवून.” मग मला हसू आवरावं लागलं.

गप्पांत होते आज. प्रेस शॉपच्या गोष्टी काढल्या. होसकोट्यात एकतीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होते. बाकीचे कानात कापसाचे बोळे घालायचे, हे घालायचे नाहीत. “कापूस घातला तर मशीन काय बोलतंय ते कळायचं कसं? साच्याची डाय तडकायच्या आधी दोन दिवस मी सांगत होतो, तडकणार म्हणून. इंजिनियर यायचे मला विचारायला.” हे सांगताना माणूस नुसता खुलतो. कावेरी म्हणते ही गोष्ट तिने लहानपणापासून शंभरदा ऐकली आहे.

८ जुलै, मंगळवार

जोडली. वाजवली. आवाज असा, की कुणीतरी डबड्यात कुजबुजतंय.

दोन तास घाम गाळल्यावर कळलं. पिकअपमधून चार रंगांच्या वायरी येतात आणि कुठला रंग कुठल्या गुंडाळीचा, हे प्रत्येक बनवणारा आपल्या मर्जीनं ठरवतो. मी व्हिडिओ बघितला तो दुसऱ्याच कंपनीच्या पिकअपचा. त्यामुळे एक गुंडाळी उलटी लागली आणि भुणभुणीऐवजी सूरच मेला. शेवटी काटेवाला जुना मीटर लावला, पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि काटा कुठल्या बाजूला उडी मारतो ते बघून रंग ठरवले.

चूक माझीच. आप्पाजी सगळं बघत होते. म्हणाले, “असू दे, होतंय.” त्यातला ‘असू दे’ मला लागला.

१० जुलै, गुरुवार

आज जमलं! जमलं म्हणजे काय जमलं! पहिली तार छेडली आणि असा लखलखीत आवाज आला की मी एकटाच टाळ्या वाजवायला लागलो. लेक वेदिका शाळेतून आली, तीही नाचली. सहा वर्षांची पोर, तिला कारण लागत नाही.

आप्पाजी आंघोळ करून आले, गिटार मांडीवर घेतली, एक जुनी धून वाजवली. थांबले. बटण फिरवलं. पुन्हा वाजवली.

“नाही ओ. तेच आहे. झाकण हाय तसंच.”

आता हे असं म्हणायचं असेल तर म्हणा. अहो, आंधळ्यालाही दिसेल एवढा फरक आहे! त्यांनी अॅम्पवरचं चढ्या सुरांचं बटण, ट्रेबल, पार टोकाला नेलं आणि वेदिका कानांवर हात ठेवून “टोचतंय आजोबा, टोचतंय” करत बेडरूममध्ये पळाली. आप्पाजींनी वरही बघितलं नाही. नातीचंसुद्धा ऐकत नाहीत, माझं काय ऐकणार.

१२ जुलै, शनिवार

पॉट बदलले. पॉट म्हणजे बटणाखालचा फिरता रेझिस्टर. जुने अडीचशे किलोओहमचे होते, त्यांत चढे सूर थोडे गिळले जातात. पाचशेचे टाकले. म्हटलं आता तरी.

“स्वल्प बरं वाटतंय,” म्हणाले आप्पाजी. दहा मिनिटांनी, “नाही. तेच.”

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या महानंदाक्का वर आल्या. मूळच्या धारवाडच्या, बाई गोड. “आप्पाजी, तुम्ही छान वाजवता, पण स्वल्प कमी करा. दात शिवशिवतात माझे.” आप्पाजींनी त्यांना चहा घेता का विचारलं. त्या गेल्यावर मला म्हणाले, “फार हळू बोलती ही बाई. पुटपुटल्यागत. काय म्हणत होती?”

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, तिला गाण्यातलं काय कळतंय.

१५ जुलै, मंगळवार

आज डोकंच फिरलं. मी वेदिकेला शाळेतून आणायला गेलो होतो. कुरियरवाला गिटारचा नवीन कपॅसिटर घेऊन आला, तीनदा बेल वाजवली, फोनही केला. मी आप्पाजींना फोन लावला, तो वाजून वाजून बंद. कुरियरवाला निघून गेला. घरी येतो तर आप्पाजी हॉलमध्येच, दारापासून चार हातांवर, पेपर वाचत!

“बेल वाजली नाही,” म्हणाले.

आमची बेल म्हणजे चिमणीसारखी चिवचिवते. अख्ख्या मजल्याला ऐकू येते. मी म्हणालो, आप्पाजी, तुम्हाला मी हे काम करायला नकोय का? सरळ सांगा. नागराजण्णांना सांगा, जावयानं वाट लावली.

त्यांनी पेपरची घडी घातली. “ओरडून बोलू नका ओ,” एवढंच म्हणाले आणि आत गेले.

रात्रीच्या जेवणाला कावेरी माझ्याशी बोलली नाही. मी बरोबर आहे असं मला अजूनही वाटतं. पण आप्पाजी भातावर वरण न घेताच उठले, ते मी बघितलं.

१९ जुलै, शनिवार

तिसऱ्यांदा सगळं काढलं. नवा कपॅसिटर लावला, अर्थिंगची वायर बदलली, प्रत्येक जोड पुन्हा तापवला. बोट भाजलं. एका पॉटची पट्टी तुटली, परत एस. पी. रोड.

आप्पाजींचं तेच. आणि दुपारी त्यांना नागराजण्णांशी फोनवर बोलताना ऐकलं. त्यांचं फोनवर बोलणं हल्ली शेजारच्या सोसायटीलाही कळतं. “जावई करतोय बिचारा. पण हात साधलेला नाही. बघू.”

बिचारा! नाचता येईना अंगण वाकडं, असं तोंडावर म्हणावंसं वाटलं. नाही म्हणालो. इथे लिहून ठेवतो.

आज बेंचचे पस्तीस दिवस. एका मॅनेजरचा फोन आला होता, प्रश्न विचारले, ‘कळवतो’ म्हणाला. तोही तेच म्हणत असेल, हात साधलेला नाही. रात्रभर पाय हलवत पडून होतो.

२४ जुलै, गुरुवार

आज साधी गोष्ट सुचली, जी पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. मतं बाजूला ठेवायची. मोजायचं.

६ तारखेचं रेकॉर्डिंग आणि आजचं, दोन्हींचे आलेख एकाखाली एक काढले. चार हजार हर्ट्झच्या वरचा भाग, म्हणजे चढ्या सुरांची चमक, जुन्या आवाजात होतीच, नव्यात दुप्पट आहे. दुप्पट! झाकणबिकण काही नाही. माझं काम चोख आहे.

सगळं छापून ठेवलंय. शनिवारी कावेरी घरी असेल, तेव्हा सगळ्यांसमोर दाखवणार. नुसत्या कागदावर आप्पाजी विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून फोनमधून एकेक शुद्ध सूर अॅम्पवर लावणार, खालपासून वरपर्यंत. मग कुठला सूर गिटारमध्ये आहे ते आलेखावर बोट ठेवून दाखवणार. बघू या काय म्हणतात.

२६ जुलै, शनिवार

नीट लिहितो. जसं झालं तसं.

चहा झाल्यावर सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. आप्पाजी खुर्चीत, कावेरी सोफ्यावर, वेदिका जमिनीवर रंगवत. मी म्हणालो, आप्पाजी, सूर ऐकू आला की बोट वर करा. अडीचशे हर्ट्झचा लावला, बोट वर. पाचशे, वर. हजार, दोन हजार, वर. माझ्याकडे बघून हसले, शाळेत परीक्षा घेतल्यासारखं करतोय म्हणून. तीन हजारला जरा उशिरा वर केलं. चार हजारला मी आवाज वाढवला तेव्हा केलं.

मग मी आठ हजार लावला. आवाज तोच वाढवलेला. कावेरीनं तोंड वाकडं केलं. वेदिकेनं खडू टाकले आणि दोन्ही कानांत बोटं घालून “बाबा बंद कर, बंद कर” म्हणून किंचाळायला लागली. खाली कुत्रं भुंकायला लागलं.

आप्पाजी खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. बोट मांडीवर, तयार.

“लावा की,” म्हणाले. “थांबलात कशाला?”

सूर चालूच होता. माझ्या हातून फोन बंदच होईना. आप्पाजींनी आधी कावेरीकडे बघितलं, मग वेदिकेकडे. तिच्या कानांतली बोटं बघितली. बराच वेळ बघत राहिले.

“वाजतंय होय आता?” त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

“बंद करा मग. पोर रडाय लागली.”

उठले, आत गेले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तीन आठवडे मी पखालच उसवत होतो.

आता जे लिहितोय ते कुणाला सांगणार नाही. ज्या क्षणी त्यांचं बोट वर झालं नाही आणि मला कळलं, तेव्हा पहिल्यांदा मला आनंद झाला. माझं वायरिंग बरोबर होतं याचा. एक सेकंद असेल, पण झाला. कावेरी रडत होती आणि माझ्या हातात तो छापलेला कागद होता.

२७ जुलै, रविवार

आप्पाजी सकाळच्या बसने होसकोट्याला गेले. गिटार इथेच. अॅम्प इथेच. कावेरीनं कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, तर म्हणाले, “दहा तारखेनंतर बघू.” मग दारात चपला घालता घालता म्हणाले, “नागराजला सांगितलंय, माझा हात दुखतोय. मला सोडून वाजवा म्हणून.”

मी खाली सोडायला गेलो. बस येईपर्यंत शेजारी उभा होतो. माफ करा म्हणायचं होतं. म्हणालोही. पण गाड्यांचा एवढा गोंगाट, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोललो नाही, त्यामुळे ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

३० जुलै, बुधवार

कामात लक्ष नाही, आणि काम तर नाहीच. सगळा महिना उलटा वाचून काढला. ऑटोत बोललो ते, बेल, महानंदाक्का, फोनवरचं ओरडणं. सगळं याच वहीत माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. चुका शोधण्याचा पगार घेतो मी!

कावेरी म्हणते, तू त्यांना मुद्दाम दाखवलंस का? नाही. पण जिंकायचं होतं, हे खरं. तेही तिला सांगितलं. ती म्हणाली, मग ते जाऊन आप्पाजींना सांग. मी म्हणालो, बघतो. दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या.

३ ऑगस्ट, रविवार

गिटार घेऊन होसकोट्याला गेलो. दार वाजवलं नाही, शेजारच्या गंगव्वांच्या परसातून मागच्या बाजूने गेलो आणि त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो. आप्पाजी शेंगा सोलत होते.

समोर बसलो आणि तोंडाकडे बघत सगळं सांगितलं. आनंद झाला होता तेसुद्धा. आप्पाजी शेंगा सोलतच होते.

“तुम्हाला आनंद होणारच की,” म्हणाले. “काम चांगलं झालंय, होऊ नये?” मग म्हणाले, “मला शंका होती ओ. दोन वर्षांपासनं. मंगळागौरीला बायका फेर धरून गाणी म्हणत होत्या, मला नुसती तोंडं हललेली दिसली. पण गिटारचं निघालं तर बरं, असं वाटत होतं. गिटार दुरुस्त करता येती.”

मला रडू आलं, चक्क. त्यांनी मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

मग गिटार मागितली. एक तार छेडली. “सांगा, कशी वाजती?”

मी म्हणालो, चांगली. ते चिडले. “चांगली काय? नीट सांगा. टोचती काय? गोल हाय काय? काच फुटल्यागत हाय काय पाण्यागत हाय?” असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेलो, ते बटण फिरवत गेले. जरा बोचतंय. आता ठीक. आता फार मऊ झालं, आप्पाजी, थोडं वर. दोन तास. प्रत्येक तारेला. शेवटी त्यांनी बटणावर चुन्याची खूण केली आणि नागराजण्णांना फोन लावला.

“ए नागऱ्या, हात बरा झालाय.”

ठरलं असं की मी स्टेजसमोर पहिल्या रांगेत बसायचं. त्यांनी बघितलं की हात खाली म्हणजे बटण कमी करा, हात वर म्हणजे बरोबर आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

प्रोजेक्ट मिळाला. सोमवारपासून. मला आनंद व्हायला हवा, पण डोक्यात दुसरंच. स्टेजवर अॅम्प वेगळा असेल. हॉल मोठा. चुन्याची खूण तिथे लागू पडेल का? दोनदा होसकोट्याला फोन केला. दुसऱ्यांदा आप्पाजी म्हणाले, “तुम्हीच वाजवताय काय?”

१० ऑगस्ट, रविवार

आत्ताच आलो.

हॉल तुडुंब. नागराजण्णा रेशमी उपरण्यात ड्रमवर, त्यांच्या बायकोला हसू आवरेना. पहिली तीन गाणी मी घामाघूम. आप्पाजी दर कडव्याला माझ्याकडे बघायचे आणि मी हात खाली, वर, खाली. कीबोर्डवाल्याला वाटलं मला काहीतरी होतंय. पण आवाज! गोल, भरलेला, हॉलच्या टोकापर्यंत जाणारा. बाजूला एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “येनू, काय वाजवतोय ओ हा माणूस!”

शेवटचं गाणं नव्हतं, नुसती धून होती, त्यांची स्वतःची, निपाणीच्या दिवसांतली. दोन ओळी वाजवल्या आणि त्यांचा हात बटणाकडे गेला. चुन्याच्या खुणेपुढे गेला. पार टोकापर्यंत गेला. मग घरच्यापेक्षा चौपट मोठ्या अॅम्पकडे वळून तिथलं ट्रेबलही टोकाला नेलं.

टोचला आवाज. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर पदर धरले. कावेरीनं वेदिकेचे कान झाकले. नागराजण्णांनी ड्रमवरून चमकून वर बघितलं. आणि आप्पाजींचा चेहरा असा झाला, मी तो कधी बघितला नव्हता, तोंड किंचित उघडं, जसं कुणी लांबून हाक मारली आणि ओळख पटली. त्यांना ऐकू येत होतं. झाकणाशिवाय.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

कावेरी माझा दंड धरून म्हणाली, “अरे, खाली कर म्हण त्यांना.” माझ्या शेजारचे गृहस्थही कानात बोट घालून माझ्याकडेच बघत होते.

मी हात वर केला. बरोबर आहे म्हणून सांगितलं, आणि धून संपेपर्यंत तो खाली घेतला नाही.